बवाजाच्या शेतातला सरवा
रूथच्या पुस्तकावरील चिंतन : लेखांक २

वाचन : रूथ अध्याय २. सोबत लेवीय १९:९-१० आणि अनुवाद २४:१९-२२.

गेल्या आठवड्यात आपण नामी आणि रूथ यांच्यासोबत बेथलेहेमच्या वेशीपर्यंत आलो. दुष्काळाने देशोधडीला लागलेलं कुटुंब, परमुलखात झालेले तीन मृत्यू आणि परतीच्या वाटेवर दोन विधवा. त्या गावात पोचल्या तेव्हा सातूची कापणी नुकतीच लागली होती. दुसऱ्या अध्यायात रूथ सासूला विचारून कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचायला निघते. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही किंवा आरमोरीकडच्या वाचकाला हे चित्र समजावून सांगायला नको. धान कापून झालं, भारे उचलले, पुंजणे रचले गेले की बांधीत गळालेल्या लोंब्या उरतात. त्या वेचायला वाकलेली बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

सरवा वेचायची मुभा ही कोणा मालकाची मेहेरबानी नव्हती, हे आधी लक्षात घेऊ. देवाने इस्राएलाला सांगितलं होतं की शेत अगदी कडेपर्यंत कापू नका, खाली पडलेलं वेचायला मागे फिरू नका. ते गरिबाचं आणि परदेशी माणसाचं आहे. एखादी पेंढी शेतात विसरली तर तीही परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी राहू द्या. पीक घरात आल्यावर त्यातून पसाभर काढून देणं वेगळं. इथे धुऱ्याजवळचा तो हिस्सा मालकाचा धरलेलाच नाही. ज्याचा आहे त्याने स्वतः यावं, कष्टाने वेचावं आणि मान खाली न घालता घरी न्यावं.

हक्काने माणूस कसा उभा राहतो हे गडचिरोलीने पाहिलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये तिथल्या ग्रामसभेने आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकला. जंगल तेच होतं, बांबूही तोच. गावाला मात्र आता कोणाच्या मर्जीची वाट पाहावी लागत नव्हती. देवाच्या नियमशास्त्राला गरिबासाठी असंच काही हवं होतं.

नियमापुरता वागणारा मालक इथेच थांबला असता. रूथ ज्याच्या शेतात सरवा वेचत होती तो बवाज पुढे जातो आणि या अध्यायाचं मर्म त्यातच आहे. मुकादम रूथची ओळख ‘मवाबी मुलगी’, म्हणजे परदेशी, अशी करून देतो. बवाज तिच्याशी बोलताना तिला मुलगी म्हणून हाक मारतो. तिच्या अंगाला हात लावायचा नाही, अशी तो आपल्या गड्यांना ताकीद देतो. तहान लागली तर गड्यांनी भरून ठेवलेल्या भांड्यांतलं पाणी पी, असं सांगतो. जेवणाच्या वेळी तो तिला वेगळं बसवत नाही. कापणाऱ्यांच्या पंगतीत बोलावून भाजलेलं धान्य आपल्या हाताने देतो. ती पोटभर जेवते आणि तिच्याजवळ उरतंही. मग तो गड्यांना हळूच सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसं गळू द्या, तिला वेचू द्या, तिला रागावू नका. संध्याकाळी रूथ सगळं झोडपते तेव्हा एफाभर सातू भरतात. वेचणाऱ्या एकट्या बाईसाठी ही फार मोठी कमाई होती.

यातल्या त्या पहिल्या ताकिदीकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. अध्यायाच्या शेवटी नामीही तेच बोलते : याच्याच बायांबरोबर राहा, दुसऱ्याच्या शेतात तुला कोणी त्रास देईल. वेचणाऱ्या बाईला पोटाइतकीच जिवाची आणि अब्रूची काळजी असते, हे शास्त्राला ठाऊक आहे.

आपल्या भागात ही काळजी आजही तितकीच खरी आहे. मे महिन्यात बाया पहाट फुटायच्या आत तेंदूची पानं तोडायला जंगलात शिरतात, दुपारी घरी ७० पानांचा एकेक पुडा बांधतात आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून देतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडणाऱ्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये मिरची तोडायला नावेतून निघालेल्या चामोर्शी तालुक्यातल्या मजूर बायांना वैनगंगेत जलसमाधी मिळाली. दरवर्षी कितीतरी कुटुंबं मिरचीच्या हंगामात तेलंगणात जातात आणि तिथे परक्या भाषेच्या मुलखात रूथसारखीच राबतात.

मराठी मंडळीच्या इतिहासात बवाजाच्या वाटेने चाललेली एक बाई आहे, पंडिता रमाबाई. १८७० च्या दशकातल्या दुष्काळाच्या दिवसांत त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा आपला चांदा जिल्हाही त्याच प्रांतात होता. रमाबाई त्या प्रांतात स्वतः गेल्या आणि निराधार मुलींना आपल्या आश्रयाला घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्या मुलींना अन्न मिळालं, सुरक्षित छप्पर मिळालं, अक्षरं मिळाली आणि हाताला काम मिळालं. रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच बायामुलींनी छापलं. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात देव सरव्याच्या आज्ञेमागचं कारणही सांगतो : तुम्ही मिसरात दास होता, ते विसरू नका. रमाबाई स्वतःची उपासमार विसरल्या नाहीत, म्हणून त्यांना दुसऱ्याच्या मुलीची भूक दिसली.

मग आपण काय करायचं? प्रथमफळाच्या उपासनेत आपण धान, भाजीपाला, फळं वेदीपाशी आणतो. हे योग्यच आहे, आनंदाचंही आहे. पण वेदीपाशी टोपली ठेवण्याआधी आपल्या बांधीत आपण कसे वागलो, हे देव विचारतो. रोवणी-कापणीच्या मजुराला ठरलेली मजुरी त्याच आठवड्यात मिळाली का? कामावरच्या बाईला पिण्याचं पाणी, सावली आणि अंधार पडायच्या आत घरी जायची सोय होती का? तिच्याशी कोणी वावगं बोललं, तर मालक म्हणून आपण बवाजासारखी ताकीद दिली का? ज्यांच्याकडे शेत नाही त्यांचं दुकान असेल, कार्यालय असेल, घरात धुण्याभांड्याला येणारी मावशी असेल. बवाजाचे प्रश्न त्यांनाही तेच आहेत. मंडळीने एवढं तरी करावं : तेंदूच्या हंगामात बाया एकट्यादुकट्या जंगलात जाऊ नयेत म्हणून गट करून द्यावेत, आणि मिरचीला गेलेल्यांची लेकरं शाळेतून गळू नयेत म्हणून त्यांना आपल्या घरी ठेवून घ्यावं.

बवाजाने त्या दिवशी काही फार मोठं केलं, असं त्याला वाटलं नसेल. मात्र मत्तयाने प्रभू येशूची वंशावळ लिहिली तेव्हा त्या मवाबी विधवेचं नाव गाळलं नाही. परक्या बाईला एका मालकाने शेतात सुरक्षित जागा दिली, आणि देवाने तिच्याच घराण्यातून जगाचा तारणारा पाठवला. आपल्या कामावर येणाऱ्या कोणामधून देव काय घडवणार आहे हे आपल्याला कळणार नाही. तिला मान देणं मात्र आपल्या हातात आहे.

पुढच्या आठवड्यात : रूथ अध्याय ३, खळ्यावरची रात्र. त्याआधी या आठवड्यात घरात सगळे मिळून दुसरा अध्याय मोठ्याने वाचा, आणि आपल्या कामावर येणाऱ्या एका तरी माणसाशी त्याच्या घरची विचारपूस करत निवांत बोला.