अठरा पूर्ण झाली, आता जायचं कुठं?

मैत्रिणींनो, लेक अठराची झाली की आपल्याला तिच्या शिक्षणाची, लग्नाची काळजी लागते. अनाथालयातल्या लेकीला मात्र त्याच वयात छप्पर सोडावं लागतं. गोव्याच्या अनाथालयात वाढलेल्या अमृता करवंदे यांनी पुण्यात आल्यावर पहिली रात्र रेल्वे स्टेशनवर काढली. पडेल ते काम करत त्या शिकल्या, सरकारदरबारी अनाथांचं गाऱ्हाणं मांडलं आणि २०१८ मध्ये राज्यात अनाथांना एक टक्का आरक्षण मिळालं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अशा मुलांना २१ वर्षांपर्यंत मदतीची तरतूद आहे. पण हे ठाऊक किती जणांना? चौसाळ्यातल्या कॉलेजच्या पोरापोरींनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात साफसफाईबरोबर हेही घरोघरी सांगावं. आणि आपण? अशी एखादी मुलगी भाड्यानं खोली मागायला आली, तर ‘आईवडील कुठंत?’ एवढ्यावरून तिला माघारी धाडू नये.