855 मुली आणि 26 मिनिटांचा माहितीपट

बुलढाणा जिल्ह्यात 2001 मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 908 मुली होत्या. 2011 च्या जनगणनेत हा आकडा 855 वर आला. दहा वर्षांत 53 ची घट. याच दशकात महाराष्ट्राचा आकडा 913 वरून 894 झाला, म्हणजे 19 ने उतरला. राज्य घसरले त्याच्या पावणेतीन पट वेगाने जिल्हा घसरला.

मेहकर तालुक्यातल्या एखाद्या गावाला हाच दर लावून पाहू. निसर्गनियमाने साधारण शंभर मुलींमागे 105 मुलगे जन्मतात. म्हणजे जिथे सहा वर्षांखालचे शंभर मुलगे आहेत, तिथे 95 च्या आसपास मुली असायला हव्यात. 855 च्या हिशेबाने त्या 85-86 भरतात. अंगणवाडीच्या पटावरून नऊ-दहा नावे गायब. त्यातल्या काही जन्मू दिल्या गेल्या नाहीत, काही जन्मल्यावर दुर्लक्षाने गेल्या, काहींची नोंदच झाली नसेल. कारणे वेगवेगळी असली तरी वजाबाकी एकाच बाजूने होते.

कायदा झाला, जाहिरातही झाली

गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्रानेच केला. केंद्राचा कायदा 1994 चा. तरीही राज्याचे बाल लिंग गुणोत्तर 1991 मध्ये 946, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894 असे उतरतच गेले.

जानेवारी 2015 मध्ये ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यातल्या 100 जिल्ह्यांत महाराष्ट्राचे दहा होते आणि त्यांत बुलढाणा होता. शेजारचे जळगाव (842), वाशीम (863) आणि जालना (870) हेही त्याच यादीत. त्यामुळे हा प्रश्न एका जिल्ह्याचा नसून सलग पट्ट्याचा आहे.

या योजनेचा पैसा कुठे गेला? तत्कालीन खासदार हिना गावित यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने डिसेंबर 2021 मध्ये त्याचा हिशेब मांडला. 2016 ते 2019 या काळात दिल्या गेलेल्या 446.72 कोटी रुपयांपैकी 78.91 टक्के, म्हणजे सुमारे 352 कोटी, एकट्या माध्यम-प्रचारावर खर्च झाले. हा पैसा शिक्षण आणि आरोग्याकडे वळवा, असे समितीला सांगावे लागले.

मग आणखी चित्रफिती कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर जाहिरात आणि माहितीपट यांच्यातल्या फरकात आहे. जाहिरात आदेश देते. माहितीपट एका घरातला निर्णय कसा झाला ते दाखवतो, आणि तो कोणी घेतला हेही लपवत नाही.

‘जगू दिले’ याचा अर्थ

निशा पाहुजा यांचा ‘द वर्ल्ड बिफोर हर’ (2012) हा नव्वद मिनिटांचा माहितीपट या पट्ट्याला सर्वांत जवळचा. त्याचा अर्धा भाग मिस इंडिया स्पर्धेच्या तयारीचा आणि अर्धा औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) दुर्गा वाहिनी या विश्व हिंदू परिषदेच्या तरुणींच्या शाखेच्या शिबिराचा. 2009 ची विजेती पूजा चोप्रा हिच्या जन्माच्या वेळी वडिलांना मुलगा हवा होता. आई मुलींना घेऊन घराबाहेर पडली. दुसरीकडे शिबिरात शिकवणारी तरुणी वडिलांच्या मारझोडीबद्दल तक्रार करीत नाही. मुलगी असूनही त्यांनी आपल्याला जगू दिले, याचेच तिला ऋण वाटते. झगमगाट आणि लाठीकाठी ही दोन टोके असूनही दोघींच्या आयुष्याचा पाया एकच: जगणे ही कोणीतरी दिलेली सवलत. 855 या आकड्यामागचे मन ते एक वाक्य दाखवते. जनगणनेच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

‘पिरियड. एंड ऑफ सेंटेन्स.’ जेमतेम 26 मिनिटांचा. 2019 मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. उत्तर प्रदेशातल्या हापूड जिल्ह्यातल्या बायका सॅनिटरी पॅड बनवायला लागतात, एवढीच गोष्ट. ‘रायटिंग विथ फायर’ (2021) ‘खबर लहरिया’ या वृत्तमाध्यमाच्या दलित महिला पत्रकारांवरचा, त्याला 2022 मध्ये ऑस्करचे नामांकन होते. आपले चित्रण अपुरे आहे, असे निवेदन याच पत्रकारांनी त्या वेळी जाहीरपणे काढले. हेही हक्कांच्याच खात्यात धरायला हवे: आपल्यावर काढलेल्या चित्रपटाला जाब विचारण्याचा हक्क.

पाहणार कोण?

हे माहितीपट आता मोबाइलवर मिळतात, हे खरे. पण मोबाइल कोणाच्या हातात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 38 टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. पुरुषांचे प्रमाण 61.5 टक्के. तेव्हापासून दोन्ही आकडे वाढले असतील. पण ज्या सुनेला दुसऱ्या खेपेला मुलगी नको म्हणून सोनोग्राफीला नेले जाते, तिच्याजवळ स्वतःचा फोन, डेटा आणि निवांत अर्धा तास असेल, हे गृहीत धरता येत नाही. भाषाही बहुतेक वेळा हिंदी किंवा इंग्रजी. मराठी निवेदन नसेल तर सासूबाई पाच मिनिटांत उठतात.

चांगले लिखाण पोहोचले नाही की काय होते, हे बुलढाण्याला नव्याने सांगायला नको. याच गावच्या ताराबाई शिंदे यांनी सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याने संतापून ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिले. 1882 मध्ये पुण्यात छापलेल्या या पुस्तकाच्या प्रती 500, किंमत नऊ आणे. जोतीराव फुले यांनी ताराबाईंची बाजू घेतली, पण पुस्तक विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले 1975 मध्ये, 93 वर्षांनी. धार पहिल्या दिवसापासून होती, वाचक मात्र तीन पिढ्या चुकले.

गावातच व्यवस्था आहे

माहितीपट पोहोचवण्यासाठी नवे काही उभारायची गरज नाही. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. प्रत्येक महिला सभेआधी 26 मिनिटांचा एक माहितीपट, मराठी निवेदनासह, शाळेच्या खोलीत प्रोजेक्टरवर दाखवला तर वर्षभरात 104 मिनिटे होतात. त्यानंतर सभेचे कामकाज सुरूच असते, त्यामुळे बोलायला जागा आयती मिळते. बचतगट आणि आशाताई बायकांना बोलावतील. त्याच चार फिती ग्रामसभेत पुरुषांसमोरही लागल्या पाहिजेत, कारण सोनोग्राफीची चिठ्ठी बहुधा त्यांच्या खिशातून निघते.

एवढ्याने गुणोत्तर सुधारेल, असा दावा कोणी करू नये. त्यासाठी सोनोग्राफी केंद्रांची तपासणी, खटले आणि मुलीच्या नावावर जमीन हेच लागते. माहितीपटाचे मोजमाप वेगळे ठेवावे: किती बायका शेवटपर्यंत बसल्या, किती बोलल्या आणि पुढच्या सभेत त्यांतला कोणता विषय ठराव म्हणून इतिवृत्तात उतरला. हे तीन आकडे ग्रामपंचायत अधिकारी एका वहीत लिहू शकतो.