कणगी, पेव आणि क्लाउड

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत हळद दीर्घकाळ टिकायची, पण मनात आले की मूठभर काढली असे तिथे चालत नसे. तोंड उघडून आत कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत थांबावे लागे. घाईने उतरणाऱ्याच्या जिवावर बेतायचे. रोजच्या धान्यासाठी घरात कणगी असायची, हात घातला की दाणे. कणगी आणि पेव यांच्यामागचा हिशेबच आज क्लाउडमध्ये नव्याने मांडला जातो आहे. क्लाउडवर डेटा ठेवणाऱ्याला वाटते, आपण जागेचे भाडे भरतो. जागेचे भाडे त्यात असतेच, पण भावातला फरक ठरतो तो माहिती किती वेळा आणि किती लवकर परत मागणार यावर.

ॲमेझॉनने मार्च २००६मध्ये एस-थ्री ही सेवा सुरू केली, तेव्हा साठवणीचा दर होता एका गिगाबाइटला महिना १५ सेंट. या पद्धतीला ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणतात. घरच्या संगणकातली फाइल उघडून तिच्यातला एखादा शब्द बदलता येतो. इथे मात्र मजकूर, त्याचे वर्णन आणि दुसऱ्या कशालाही नसलेले नाव यांचे एक गाठोडे बांधले जाते. बदल करायचा तर अख्खे गाठोडे नव्याने ठेवायचे. फोल्डर दिसतात, तोही नावांतल्या तिरक्या रेघांमुळे होणारा भास. हा ताठरपणाच यंत्रणेच्या पथ्यावर पडतो. मध्येच कोणी काही खोडणार नाही म्हटल्यावर गाठोड्याचे तुकडे करून ते वेगवेगळ्या डिस्कवर, वेगवेगळ्या इमारतींत पसरता येतात. अर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६०मध्ये मांडलेल्या गणितानुसार १० तुकड्यांना हिशेबाचे ४ जादा तुकडे जोडले, तर १४पैकी कोणतेही ४ गेले तरी मूळ मजकूर परत उभा राहतो. तीन प्रती ठेवायला तिप्पट जागा लागते, इथे १.४ पट पुरते.

जागा अशी वाचते. वाचत नाही ती हालचाल. आयबीएमच्या रॅमॅक या १९५६मधल्या पहिल्या डिस्क-यंत्रणेत ५० लाख अक्षरे मावत आणि हवे ते अक्षर गाठायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. आजच्या २० टेराबाइटच्या हार्ड डिस्कची धारणक्षमता त्याच्या ४० लाख पट आहे. हवी ती जागा गाठण्याचा वेग मात्र जेमतेम ५० पट वाढला. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला अर्धा फेरा पुरा करायला ४ मिलिसेकंद लागतात, वर वाचणारे टोक सरकण्याचा वेळ. म्हणजे विखुरलेल्या जागांवरचे वाचन सेकंदाला शंभराच्या आसपासच होणार, डिस्क कितीही मोठी असो. सतत मागणी असलेल्या माहितीने अशी डिस्क पूर्ण भरता येत नाही; जागा शिल्लक असतानाच टोक दमते. उरलेल्या जागेत कोणी विचारत नसलेली माहिती ठेवली, तर तिचा भार जवळपास शून्य. तिला सवलत देण्यामागे हे भौतिक कारण आहे. अशी माहिती असतेही भरपूर. फोटोची मागणी वय वाढेल तशी झपाट्याने घटते, असे फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले. जुने फोटो वेगळ्या यंत्रणेत हलवल्यावर दर बाइटमागे लागणारी जागा ३.६ पटींवरून २.१ पटींवर आली.

आता दर पाहू. एस-थ्रीच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विभागाच्या जाहीर दरांनुसार ‘स्टँडर्ड’ वर्गात एक टेराबाइट ठेवायला महिन्याला सुमारे २३ डॉलर लागतात, क्वचित वापराच्या ‘स्टँडर्ड-आयए’मध्ये साडेबारा आणि ‘डीप आर्काइव्ह’मध्ये जेमतेम एक. पण क्वचित वापराच्या वर्गातून तो टेराबाइट एकदा वाचायचे १० डॉलर पडतात. महिन्यातून एकदा सगळे वाचले की साडेदहा डॉलरची बचत जवळपास संपलीच. शिवाय या वर्गात १२८ किलोबाइटपेक्षा लहान वस्तूलाही १२८चेच भाडे लागते. एकेक किलोबाइटच्या नोंदी तिथे टाकणाऱ्याला ‘स्वस्त’ वर्ग जवळपास ७० पट महाग पडतो. डीप आर्काइव्हमध्ये तर १८० दिवसांचे भाडे ठरलेलेच, आणि मागितलेली माहिती हाती यायला १२ तास, कधी ४८ तासही लागू शकतात. पेवाची हवा निघेपर्यंत थांबायचे.

आतले यंत्र ग्राहकाला दिसत नाही, मग ही एकाच मालाची चार नावे नाहीत कशावरून, असा आक्षेप घेता येईल. त्यात तथ्य आहे. वर्गांच्या सीमा व्यापारी सोयीनेच आखलेल्या असतात. पण डिस्क एकच असली तरी तिच्या टोकाचा वेळ कोण किती खातो, हा फरक खरा उरतो. दुसरी शंका सुरक्षिततेची: स्वस्त म्हणजे कच्चे का? जतन होणे आणि हाती येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १ कोटी वस्तू ठेवल्या तर सरासरी १०,००० वर्षांत एखादी हरवावी, हे उद्दिष्ट डीप आर्काइव्हलाही लागू आहे. उलट २८ फेब्रुवारी २०१७ रोजी एका चुकीच्या आज्ञेने ॲमेझॉनचा व्हर्जिनियातला एस-थ्री सुमारे चार तास कोलमडला, तो माहिती शोधून देणारे सर्व्हर बंद पडल्याने. जतनाच्या बाबतीत अपवाद ‘वन झोन’ या वर्गाचा: तिथे माहिती विभागातल्या एकाच झोनमध्ये असते, तो झोन नष्ट झाला की तीही गेली.

मग निवड यंत्रावरच का सोडू नये? ‘इंटेलिजंट-टिअरिंग’ तेच करते: ३० दिवस न विचारलेली वस्तू आपोआप स्वस्त थरात सरकवते आणि देखरेखीचे किरकोळ शुल्क घेते. वापराचा अंदाजच नसेल, तर हा पर्याय चांगला. मात्र यंत्र फक्त मागचे पाहते. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके ८ वर्षे जपावी लागतात. वार्षिक ताळेबंद मंजूर झाला की ती क्वचितच उघडली जाणार, हे लेखापालाला पहिल्या दिवशी ठाऊक असते, यंत्राला कळायला महिना लागतो. लेखापरीक्षक एखादे पुस्तक तासाभरात मागेल की दोन दिवस थांबेल, हे तर यंत्राला कधीच कळणार नाही. पेवात काय ठेवायचे आणि कणगीत काय, हे माणूसच ठरवत असे. क्लाउडच्या बिलात बचत हवी असेल, तर तेवढे ठरवणे आजही माणसाकडेच आहे.