कोळ्याचे बारसे

मूल जन्मले की बाराव्या दिवशी आपण त्याला पाळण्यात घालतो आणि त्याचे नाव ठेवतो. नाव ठेवले म्हणजे ते मूल घरचे झाले, गावचे झाले. पण माणूस येण्याच्या कितीतरी आधीपासून जो जीव याच मातीत नांदतो आहे, त्याचे बारसे कोण करतो, आणि कसे? मी वाङ्मयाचा विद्यार्थी. प्राणिशास्त्राशी माझा परिचय बेताचाच. परंतु नाव म्हणजे अखेर शब्दच असल्याने या प्रश्नाने मला ओढून घेतले.

उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले घेऊ. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका चिमुकल्या कोळ्याला २०२१ साली ‘आयसियस तुकारामी’ असे नाव मिळाले. ध्रुव प्रजापती, सोमनाथ कुंभार, जॉन कॅलेब आणि राजेश सानप या अभ्यासकांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा तुकाराम म्हणजे देहूचे संत नव्हेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ हाती केवळ लाठी असताना अतिरेक्याची बंदूक धरून ठेवणारे, आणि त्यामुळे तो जिवंत हाती लागला ते हुतात्मा पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. पुतळ्याला दगड लागतो, रस्त्याला पाटी लागते. येथे एका इवल्या जिवाने ते नाव धारण केले. जगात कोठेही या कोळ्याचा उल्लेख व्हायचा तर तो त्याच नावाने व्हावयाचा!

आता, ‘नवी जात’ म्हणजे काय? ती नुकतीच जन्मली असे नव्हे. शास्त्राच्या वहीत तिची नोंद नव्हती, इतकेच. आणि ही नोंद काही सोपी नाही. जमिनीवरचे कोळी धरण्यासाठी जमिनीच्या पातळीत तोंड येईल असा पेला पुरून ठेवतात. रात्री फिरणारे कोळी त्यात पडतात. नमुना अल्कोहोलमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. डोळ्यांची मांडणी, पायांवरचे काटे, अंगाची लांबी, सारे मोजतात. पण खरी ओळख पटते ती जननेंद्रियांवरून. नराच्या तोंडाजवळ हातमोजे घातल्यासारखे दोन फुगीर अवयव असतात. त्यांची ठेवण जातीजातीत निराळी असते. म्हणूनच पूर्ण वाढ न झालेल्या कोळ्याची जात सांगणे बहुधा अशक्य असते.

त्यानंतरचे काम ग्रंथालयातले. आजवर वर्णन झालेल्या जवळच्या सर्व जातींशी आपला नमुना ताडून पाहावा लागतो. त्यासाठी पोकॉक यांचा १९०० सालचा भारतीय अष्टपादांवरील ग्रंथ चाळावा लागतो. पुण्याच्या प्राणिसर्वेक्षण केंद्रात दीर्घकाळ काम केलेल्या बी. के. टिकादर यांचे १९८० च्या दशकातील ग्रंथ पाहावे लागतात. एवढे करून वेगळेपण सिद्ध झाले, तरच वर्णन छापले जाते. ज्या एका नमुन्यावर नाव ठरते तो ‘होलोटाइप’ संग्रहालयात जपून ठेवतात. पुढे कोणाला शंका आली तर त्याने तो काढून पाहावा! पुरुषाच्या नावावरून नाव ठेवले तर शेवटी ‘ई’कार लागतो, स्वतःचेच नाव देणे मात्र शिष्टसंमत नाही. गंमत अशी की, प्राण्यांची शास्त्रीय नावे लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून ग्राह्य धरतात. पण कोळ्यांना एक खास सवलत आहे. क्लार्क या स्वीडिश अभ्यासकाने १७५७ साली दिलेली नावेही मान्य आहेत. एप्रिल २०२२ मध्ये जगातील नोंदलेल्या कोळ्यांची संख्या पन्नास हजारांवर गेली, तरीही बारशी चालूच आहेत.

आता थोडे आपल्या खानदेशाकडे वळू. आपल्या सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ असा एक शब्द असतो. जेथे पीक येत नाही ती बांधावरची, खडकाळ, नाल्याकाठची जमीन. शेतकऱ्याच्या हिशेबी ती वाया गेलेली. पण दगडाखाली, पाचोळ्यात, काळ्या मातीच्या भेगांत राहणाऱ्या कोळ्यांचे तेच घर. त्यांतले काही तर एक ते तीन मिलिमीटरचे, म्हणजे फार तर तिळाएवढे! कपाशीच्या वाफ्यांतून धावणारा लांडगा-कोळी आपण सर्वांनी पाहिला असेल. त्याची मादी अंड्यांची पिशवी शरीराच्या टोकाला चिकटवून हिंडते, आणि पिल्ले बाहेर आली की त्यांना पाठीवर घेते. हे कोळी जाळे विणून बसत नाहीत. धावून शिकार करतात आणि पिकावरचे किडेही फस्त करतात. फवारणी झाली की किडीबरोबर तेही मरतात.

येथे नावाचा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कुळाचे कचेरीत कोण ऐकतो? जिवांचेही तसेच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला अनुसूची जोडलेल्या आहेत, आणि त्यांत संरक्षण मिळते ते नावाने. ज्याला नाव नाही त्याला यादीत जागा नाही. तो नाहीसा झाला तर त्याच्या जाण्याचीही नोंद होत नाही. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंत माळ नांगरले जात आहेत, मुरूम खणला जात आहे. अशा वेळी कोण आधी पोहोचतो, अभ्यासक की यंत्र, यावर एखाद्या जातीचे बारसे अवलंबून असते.

या कामास मोठी प्रयोगशाळा लागते, असे मात्र नाही. आरंभाला भिंग, वही आणि चिकाटी पुरे. असोद्याच्या बहिणाबाईंनी अक्षरओळख नसतानाही सुगरणीच्या खोप्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर आपल्या मातीत आहेच. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतील मुलामुलींनी आपापल्या गावच्या पोटखराब्यातले कोळी एक वर्षभर नुसते पाहिले, तारीख-वेळ घालून टिपले, आणि त्या वह्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या हाती दिल्या, तर कोणास ठाऊक, पुढच्या एखाद्या कोळ्याच्या नावात आपल्या तापीचे नावही असेल.