ब्लाउज उसवता येतो

लग्नसराई तोंडावर आली की शिंप्याच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘दादा, जरा घट्टच शिवा, महिनाभरात मी बारीक होणार आहे.’ जुना शिंपी यावर वाद घालत नाही. आजच्याच मापाने ब्लाउज शिवतो, दोन्ही बगलांना आत इंचभर माया ठेवतो आणि जाताना सांगतो, ‘ताई, घट्ट वाटला तर आतली टीप उसवा.’ शरीर महिन्यामहिन्याला बदलतं, पाळीच्या दिवसांत फुगतं, बाळंतपणानंतर वेगळाच आकार घेतं, हे त्याला हजारो मापं घेऊन माहीत झालेलं असतं. म्हणून तो बदलाची सोय कापडात करून ठेवतो.

तयार कपड्यांत ही सोय जवळजवळ संपली आहे. कापड वाचवायचं म्हणून शिवणीत जेमतेम अर्धा इंच उरतो, तोही ओव्हरलॉक करून. मापांची गंमत तर आणखी खोल आहे. कंपनी आधी एका मधल्या मापाचा नमुना कापते, तो एकाच मॉडेलच्या अंगावर बसवते आणि त्याच्यावरून लहान-मोठी मापं ठरावीक अंतराने काढते. याला ग्रेडिंग म्हणतात. छाती दोन इंचांनी वाढवली की कंबर आणि नितंबही त्याच हिशेबाने वाढतात. माणसं अशी वाढत नाहीत. एखादीची छाती चौतीस आणि नितंब बेचाळीस असतात. एखादीचे दंड भरलेले, पण खांदे अरुंद. तिने ‘एल’ घेतला तर खांदा उतरतो, ‘एम’ घेतला तर मुंढा काचतो. ट्रायल रूममधल्या पांढऱ्या उजेडात तिला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. चूक नमुन्याची असते.

हे आकडे आले कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने सुमारे पंधरा हजार बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांचा त्यावरचा अहवाल १९४१ मध्ये निघाला. हिशेबात फक्त गोऱ्या बायका धरल्या होत्या. त्या आधारावर १९५८ मध्ये तिथे मापांचं मानक ठरलं आणि १९८३ मध्ये ते मागेही घेतलं गेलं. पुढे प्रत्येक ब्रँडने आपले आकडे आपण ठरवले. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून मोठ्या कपड्यावर लहान आकडा लावायची रीतही रुळली. आपल्याकडे वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेने ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प अगदी अलीकडे हाती घेतला. सहा शहरांतल्या पंचवीस हजारांहून अधिक माणसांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची, अशी त्याची आखणी. म्हणजे इतकी वर्षं आपण ज्या ‘एम’मध्ये मावत नाही म्हणून खंतावलो, तो आपल्या अंगावरून बेतलेलाच नव्हता.

‘पण तब्येतीचं काय?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचं सगळ्यात बोलकं उत्तर पुण्यातलं आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. दोघंही दिसायला सडपातळ. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण आहे. भारतीय बाईच्या कमरेचा घेर ८० आणि पुरुषाच्या कमरेचा ९० सेंटिमीटरच्या वर गेला तर रक्तातली साखर, रक्तदाब तपासून घ्यावा, असं डॉक्टर सांगतात ते यामुळेच. हे माप जरूर घ्या. पण ‘एस’ साइजच्या माणसाला मधुमेह होऊ शकतो आणि ‘एक्सएल’वालीचे सगळे रिपोर्ट उत्तम येऊ शकतात. लेबलावरून तब्येत कळत नाही.

आणि कपड्यात मावायचं म्हणून उपाशी राहिलं तर काय होतं? बीएमआयला १९७२ मध्ये ते नाव देणारे अन्सेल कीज यांनीच दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग केला होता. छत्तीस धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. अर्धपोटी म्हणजे दिवसाला जवळपास १,५७० कॅलरी. आज मोबाइलवर फिरणारे कितीतरी डाएट याहून कमी खायला सांगतात! ते तरुण चिडचिडे झाले, खिन्न झाले, मित्रांपासून तुटले. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटं चाटायचे. पोटभर अन्न पुन्हा सुरू झालं तेव्हा कित्येकांचं खाणं थांबेना आणि वजन आधीच्याही पुढे गेलं. महिनाभर भात सोडून पुढे रात्री उभ्याने फरसाणाचा डबा रिकामा करणाऱ्या मुलीला आपण ‘मनाचा निग्रह नाही’ म्हणतो. तिचं शरीर उपासमारीला उत्तर देत असतं.

वरण-भात, भाकरी, उसळ, पालेभाजी, वर चमचाभर तूप हे साधं जेवण आहे. त्यात पुण्य नाही आणि पापही नाही. डाळ-उसळ वाढवावी, तळणीचं आणि साखर आवरावी, रोज चालावं, एवढं बहुतेकांना पुरतं. मधुमेह, थायरॉइड, पीसीओएस असेल तर डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ काय खायचं ते सांगतील. मापाची टेप ते सांगू शकत नाही.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती घरातल्या बोलण्याची. हळदीकुंकवाला आलेली मावशी पहिल्याच वाक्यात ‘किती सुटलीस गं!’ म्हणते. ते कौतुक असो वा चिंता, बारा वर्षांची पुतणी शेजारी बसून ऐकत असते. पुढे ती जेवणं टाळू लागली, ‘बाहेर खाल्लंय’ म्हणू लागली, जेवल्याबरोबर बाथरूमकडे जाऊ लागली, पाळी चुकली, ढगळ कपड्यांत लपू लागली, तर हा नखरा नसून आजार असू शकतो. रागावू नका, डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या मानसिक आरोग्याच्या टेलिमानस हेल्पलाइनवर मराठीतूनही बोलता येतं.

आणि या लग्नसराईत ब्लाउज आजच्या मापाने शिवून घ्या. कपाटात ‘कधीतरी होईल’ म्हणून ठेवलेला कुर्ता ज्याला आज होतो त्याला देऊन टाका. पंगतीत बसाल तेव्हा शेजारणीच्या पानातली जिलबी मोजू नका, आणि स्वतःच्याही नको.