अभ्यासाची रोजकीर्द

परीक्षांचे दिवस जवळ आले की चंद्रपूर व गडचिरोली येथील घराघरांतून पाठांतराचा घोष ऐकू येऊ लागतो. मुलगा मोठ्याने वाचीत आहे, त्या अर्थी अभ्यास चालला आहे, अशी पालकांची खात्री असते. ही खात्री निराधार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एबिंगहाउस या जर्मन पंडिताने निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून विस्मृतीचे माप काढले व ते 1885 साली प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यापैकी बरेचसे पहिल्या दिवसातच निसटते, असे त्यास आढळले. पुढे 2006 साली रोडिगर व कार्पिक या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांस उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो दूर ठेवून आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी वाचणारेच सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र त्यांस शेकडा 42 भाग आठवला, तर लिहिणाऱ्यांस शेकडा 56.

आमच्या व्यापारी वाचकांस यात नवल वाटू नये. रोजकीर्द त्याच दिवशी लिहावयाची, शिल्लक पेटीशी ताडावयाची, फरक आला तर तो शोधावयाचा, हा पेढीचा नियम होय. वर्षअखेरीस एकदम वह्या लिहावयास बसणाऱ्यास उधार कोण देईल? परंतु तोच गृहस्थ आपल्या चिरंजीवास माघ महिन्यात पहिल्यांदा पुस्तकास बसवितो! रात्री पुस्तक मिटून दिवसाचा पाठ लिहावा, मग पुस्तक उघडून चूक पाहावी, व तोच पाठ चार दिवसांनी आणि पंधरवड्याने पुन्हा आठवावा. यास शिकवणीची फी पडत नाही.

शहराबाहेरची गोष्ट निराळी आहे. 2011 च्या गणनेप्रमाणे गडचिरोली जिल्ह्यात शेकडा 38 हून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. माडिया वा गोंडी बोलणाऱ्या घरचे मूल शाळेत येते तेव्हा पुस्तकातील मराठी हीच त्यास परकी असते. अर्थ न कळता केलेले पाठांतर म्हणजे केवळ ध्वनींची हमाली. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय व्हावी, असे राज्यघटनेच्या 350 अ या कलमात 1956 पासून लिहिलेले आहे. ते वनप्रदेशात कितीसे उतरले आहे, हे शिक्षणखात्याने सांगावे. तूर्त शिक्षकांनी एवढे तरी करावे की, मुलास पाठ आपल्या बोलीत धाकट्या भावंडास सांगू द्यावा. ज्यास सांगता येतो त्यास तो समजला.

शालान्त परीक्षा आणि मोहफुलांचा हंगाम जवळजवळ एकाच सुमारास येतात. पहाटे फुले वेचावयास जाणाऱ्या मुलाजवळ वेळ थोडा असतो. आठवण्यास दिवा लागत नाही, पुस्तकही लागत नाही. झाडाखालीही ते काम होते. म्हणून त्या मुलावर सारा भार टाकून आपण स्वस्थ बसावे काय? तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहणारी अशी मुले पुष्कळ आहेत व त्यांच्या खोलीत बसावयास जागा नसते. वाचनालये परीक्षेपर्यंत रात्री दहा वाजेतो उघडी राहिल्यास विजेचा व राखणदाराचा जो काही खर्च येईल, तो बाजारपेठेतील पाचपंचवीस दुकानदारांनी वाटून घेतल्यास कोणासच जड जाणार नाही.