जुन्या कॉम्प्युटरसाठी हलकी ऑपरेटिंग सिस्टम निवडताय? आधी प्रिंटर तपासा

वर्ध्याहून यवतमाळकडे निघालं की वाटेत देवळी लागतं. तिथे माझ्या मामांचं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानात दोन कॉम्प्युटर. त्यातल्या जुन्यावर पेंटियम ड्युअल कोअर प्रोसेसर, 2 जीबी रॅम आणि विंडोज 10. चालू केला की चहा पिऊन या, तरी डेस्कटॉप आलेला नसतो. पण मामांनी बजावलं, "फेकाचा नाही हा. अजून दोन-तीन वर्षं काढाची हायेत याच्यावर."

स्लो असणं ही त्यातली लहान अडचण. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. घरगुती वापरासाठी वर्षभराची मुदतवाढ आहे, तीही 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच. आणि या मशीनवर गावातल्या लोकांचे आधार, सातबारा, पासबुकचे स्कॅन पडलेले. अपडेट नसलेल्या सिस्टमवर ते ठेवणं मला पटेना. विंडोज 11 ला 4 जीबी रॅम आणि टीपीएम 2.0 लागतं, म्हणजे तो रस्ता बंदच. राहिलं लिनक्स.

इथे मी पहिली चूक केली. विंडोजमध्ये "32 बिट" दिसलं म्हणून मी 32 बिटवर चालणारी अँटीएक्स टाकायला निघालो. पण 32 बिट विंडोज म्हणजे 32 बिट प्रोसेसर नव्हे! सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग अबाउट उघडा आणि "सिस्टम टाइप" ची ओळ पूर्ण वाचा. तिथे "एक्स64 प्रोसेसर" लिहिलं असेल तर 64 बिट सिस्टमच टाका. कारण 32 बिटचं दुकान आता आवरत आलंय. लिनक्ससाठी 32 बिट क्रोम 2016 मध्येच बंद झालं आणि ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ला 32 बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. सिस्टम चालेल हो, पण ताजा ब्राउझर कुठून आणणार?

मग टाकायचं काय? 4 जीबी रॅम असेल तर डोळे झाकून लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. स्टार्ट मेनू, टास्कबार सगळं ओळखीच्या जागी, त्यामुळे नवख्या माणसाचा हात अडत नाही. 2 जीबी असेल तर लुबंटू किंवा अँटीएक्स. मात्र एक खरं सांगतो, सिस्टम कितीही हलकी घेतली तरी ब्राउझर हलका होत नाही. सरकारी पोर्टलचे चार टॅब उघडले की 2 जीबी भरलीच समजा. म्हणून आम्ही आणखी 2 जीबी रॅम टाकली, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. सगळ्यात जास्त फरक या एसएसडीने पडला, लिनक्सने नाही.

"लाइट विंडोज" नावाने फिरणाऱ्या फाइली मात्र टाळा. त्यातून कोणी काय काढलंय आणि काय घातलंय, कळायला मार्ग नाही.

काही पुसण्याआधी 8 जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, रुफस वापरून त्यावर मिंट चढवा आणि पेनड्राइव्हवरूनच कॉम्प्युटर चालू करा. हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय दिसत नसेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा. आता रोजचं प्रत्येक काम करून बघा. एचपीचे बहुतेक प्रिंटर लगेच चालतात. आमच्या दुसऱ्या कंपनीच्या जुन्या लेझर प्रिंटरने मात्र इथेच घोडं अडवलं. दोन संध्याकाळी घालवल्या, पान काही येईना. अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअरही मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच असतं. शेवटी ही दोन्ही कामं नव्या कॉम्प्युटरवर ठेवली. जुन्यावर फॉर्म भरायचे, टायपिंग करायचं आणि पीडीएफ शेअर फोल्डरमध्ये टाकायची. आधी तपासलं नसतं तर ऐन ॲडमिशनच्या गर्दीत कळलं असतं!

राहिले मामांचे कृतिदेवमधले जुने अर्ज. फॉन्टची फाइल घरच्या फोल्डरमधल्या डॉट फॉन्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये टाकली की लिबरऑफिसमध्ये ते नीट दिसतात. टाइप करताना मात्र अक्षरं बदलायला लागली. कृतिदेवमध्ये इंग्रजी कीच मराठी अक्षरं दाखवतात. लिबरऑफिस वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतं, सरळ अवतरणचिन्ह वाकडं करतं, आणि तिथलं मराठी अक्षर बदलतं. टूल्समध्ये जाऊन ऑटोकरेक्टच्या या दोन्ही खुणा काढल्या आणि काम सुरळीत झालं. नवे अर्ज युनिकोडमध्येच करा म्हटलं, त्यासाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्टही जोडून दिलाय. मामा सध्या तरी त्याच्याकडे बघत नाहीत.